अर्धं पिंप पाणी

चि. ओडेलला वर्लीनताईचे भरभरून आशीर्वाद (तू मागितले नसलेस तरी).

तुझा गुडघा कसा आहे? दुखतच असेल. मासा धरायच्या आधी जिथे बर्फ फोडावा लागतो त्या अलास्कात जाऊन राहायला तुला सांगितलं होतं कोणी? आम्ही इकडे लुइझियानात डिसेंबरातही पंखा लावून बसलोय. तुझ्या भाऊजींची, म्हणजे हर्शेलची, साखर वाढली आहे आणि अक्कल होती तेवढीच आहे. परवा चर्चच्या जेवणात तळलेल्या कॅटफिशच्या तीन ताटल्या हाणल्या आणि वर गोळी घेतली, म्हणजे झालं म्हणे पथ्य.

पत्र लिहायचं कारण म्हणजे टिल्मन कॉलेजची आपली 'कॅटफिश' फुटबॉल टीम पुन्हा बाउलला चालली आहे. हसू नकोस. बारांपैकी सहा सामने जिंकले की हंगामानंतर कुठल्या तरी बाउलच्या मानाच्या सामन्याचं बोलावणं येतं, म्हणजे निम्मे हरा आणि सहलीला चला! शाळेत आपल्याला निम्मे मार्क पडले की बाबा पट्टा काढायचे. आमच्या ह्या शूरांनी तर यंदा पाचच जिंकले. पण दुसऱ्या कुठल्याशा कॉलेजने परीक्षा आहेत असं कळवून अंग काढून घेतलं (परीक्षा घेणारीही कॉलेजं असतात बघ) आणि मांडलेली खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून ह्यांना बोलावलं. गावात मात्र अशी मिरवणूक निघाली की जणू लढाई मारून आलेत. आगीच्या बंबावर कॉलेजचे अध्यक्ष स्वतः, नाकाखाली कॅटफिशच्या रबरी मिशा चिकटवून, लोकांकडे हात हलवत होते. डॉक्टरेट घेतलेला माणूस! यंदाचा बाउल एका गादी कंपनीने ठेवलाय. जिंकणाऱ्यांना चांदीचा मुलामा दिलेला वाडगा आणि हरणाऱ्यांना माणशी एक उशी. आपल्या पोरांनी उशांचा रंग आत्ताच विचारून ठेवलाय, असं ऐकते.

ह्या टीमचा बाउलमधला पराक्रम पितळी पाटीवर कोरून लावायचं मध्यंतरी ठरलं होतं. पाटी आली, कोरणारा आला, आणि मग कोरायचं काय ह्यावर सभा संपली. पहिला तो भेंडी बाउल. त्यात आपल्याला भोपळा मिळाला, आणि आपला बँड सामन्याच्या गावाचंच नाव असलेल्या भलत्याच गावी जाऊन वाजवून आला (तिथे दाद चांगली मिळाली म्हणतात, त्या दिवसाचं आपलं तेवढंच यश). दुसरा खत कंपनीचा. त्यात आपल्या एका वीराने चेंडू झेलला आणि जिवाच्या आकांताने पळत सुटला, उलट्या दिशेला. आपलीच माणसं बोंबलत मागे का धावतायत, हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत पडला नाही. तो आता आपल्या भागातल्या रस्त्यांचा अधिकारी आहे. रस्ते तू पाहिलेच आहेस.

तिसऱ्याबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण हर्शेल समोर बसून मोठमोठ्याने आठवतायत, आणि त्यांच्यापेक्षा मी बरं सांगते. आपण दोन गुणांनी पुढे होतो, थोडे क्षण उरले होते, आणि तू अख्खा हंगाम बाकावर बसून काढलेला. जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर बर्फाच्या पाण्याचं पिंप पालथं घालायची चाल काही तू काढलेली नाहीस. तू ती फक्त जरा लवकर पाळलीस. लोक ओरडले, तुला वाटलं संपलं, आणि तू पिंप उचललंस. "अरे गाढवा, वेळ आहे अजून!" असं कोच डुप्री किंचाळले तेव्हा तू जागच्या जागी थिजलास. अर्धं पाणी त्यांच्या टाळूवर, अर्धं पिंपात. ते घसरले ते थेट मैदानात, पंचांनी दंड म्हणून चेंडू आपल्या बाजूला सरकवला, आणि तेवढ्या जवळून समोरच्यांनी लाथ मारून तो खांबांमधून घातला, त्याचे तीन गुण. एका गुणाने गेलं सगळं. तिरकं पिंप धरलेला तुझा तो फोटो न्हाव्याच्या दुकानात अजून आहे.

आणि हे गाव! गेल्या महिन्यात एका लग्नात पोराने आशीर्वादाआधीच केकला सुरी लावली, तर पाद्रीबुवा म्हणाले, "थांब रे, ओडेल करू नकोस." सगळे हसले. ओडेल करणे, म्हणजे घाई करणे. नव्या पोरांना तर ते माणसाचं नाव आहे हेही ठाऊक नाही. आईला पोचवायला आलास तेव्हा मागच्या दाराने आलास आणि मागच्याच दाराने गेलास, ते ह्या टवाळांपायी. मला फार लागलं होतं ते. त्या दिवसापासून आमच्या घरात फुटबॉलचं नाव काढायचं नाही, असा नियम आहे. त्या गादीवाल्यांच्या सामन्याला मी मेले तरी जायची नाही.

गुडघ्याला शेकत जा.

तुझी,
वर्लीनताई

ता. क. तीन तिकिटं काढली आहेत. मैदानाला अगदी लागून. रबरी मिशाही तीन आणल्या (हर्शेलनी हट्ट धरला. बरं, मी धरला). तिसरी जागा कोणाची, ते विचारू नकोस. पुढच्या दाराने ये.

ता. ता. क. कोच डुप्रींना कॉलेजने मानाने बोलावलंय. चाकांच्या खुर्चीत बसून ते कडेला असतील. डॉक्टरांनी उन्हाळ्याचीही खात्री दिलेली नाही, आणि गार पाणी चालणार नाही म्हणून बजावलंय, तेव्हा कोमट आणायचं ठरलंय. रविवारी चर्चच्या पायरीवर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वर्लीन, तुझा भाऊ माझं अर्धं पिंप घेऊन पळालाय. ते ओतायला त्याला बोलाव. आणि हे बघ, शिट्टीची वाट बघत बसू नकोस म्हणावं. आपली टीम जिंकेपर्यंत मी काही टिकत नाही. त्याला सांग, बिनधास्त ओडेल कर."