चारशे सतरा, खोली नंबर दोन

दिनांक ९, शनिवार, दुपारी

तीर्थस्वरूप वहिनीस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. इकडे सगळं ठीक. गुडघा अधूनमधून धरतो, आणि दाराची कडी घातली की नाही हे बघायला चार वेळा उठावं लागतं, एवढंच. लेकीला, आपल्या चिमणीला, माझे आशीर्वाद सांगा. तिचे केस पिकले म्हणून लिहिलंत ते वाचून हसू आलं. माझ्या डोळ्यांपुढे ती अजून दोन वेण्यांचीच आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. चुकलं-माकलं सांभाळून घ्या. हा तिसरा कागद आहे.

तुम्ही मंगळवारी येता म्हणता. बुधवारी मतदान. गाड्यांना गर्दी असेल, तुमची कंबर तशी, आणि इथे जिन्याचा कठडा हलतो. म्हणून म्हटलं, एवढी घाई कशाला? पुढच्या महिन्यात या, मी स्वतः आणायला येतो.

नाही, हे खरं नाही. हे फाडणार होतो, पण चौथा कागद नाही.

आधी यादीवाल्या बाईंचं सांगतो, कारण तुम्हाला फोन त्यांनीच केला. शाळेत शिकवतात, आणि घरोघर जाऊन मतदारयादी तपासायचं काम त्यांच्याकडे आहे. बाई चांगल्या आहेत. पण हात लावतील त्याचा तळ बघितल्याशिवाय सोडत नाहीत. पंच्याऐंशी पूर्ण झालेल्यांची वेगळी यादी करायची म्हणून आल्या आणि माझी पत्र्याची पेटी बघून बसल्या. त्या पेटीत काय आहे ते तुम्हाला माहीत नसेल. मास्तरांच्या पहिल्या निवडणुकीपासून मी मतदान केंद्राच्या खोली नंबर दोनमध्ये त्यांचा माणूस म्हणून बाकावर बसतो. मास्तर गेले, त्यांच्या पक्षाची दोन शकलं झाली, तरी बाक माझाच. काम एकच. कारकून नाव मोठ्याने वाचतो, मी माणसाचं तोंड बघतो, ओळख पटली की माझ्या यादीत टिंब मारतो. नाही पटली तर "हरकत" म्हणून हात वर करायचा. त्या सगळ्या टिंबाच्या याद्या मी जपल्या. शिवाय एक वही आहे. कोण उभा होता, कोण किती मतांनी आला, सगळं त्यात आहे.

बाई वही चाळत म्हणाल्या, "काका, तुम्ही तर या मतदारसंघाचा चालताबोलता इतिहास आहात हो!"

"चालता कुठला, बाई. बोलता म्हणा. गुडघ्याला विचारा."

खूप हसल्या. मग याद्या एकावर एक ठेवून बोट फिरवायला लागल्या. मी म्हटलं चहा घ्या, तर म्हणे नको. मग म्हणाल्या, "नऊ निवडणुका, आणि तुमच्याखेरीज एकही न चुकवलेला माणूस अख्ख्या खोलीत एकच. हे तुमचे दादा ना? राहतात कुठे?"

"असतात इकडेतिकडे."

"मग बुधवारी खोलीत पकडतेच त्यांना. साहेबांना सांगते. हार घालू, फोटो काढू."

माझ्याच टिंबांनी मला पकडलं, वहिनी. वाण्याकडून तुमचा नंबर घेऊन त्यांनी तुम्हाला आनंदाची बातमी दिली. मग तुमचं पत्र आलं. "भाऊजी, ह्यांना नऊ वेळा डोळ्यांनी बघितलंत आणि मला एक ओळ नाही? माझा काय गुन्हा झाला? असो. आता अंगाने केवढे राहिलेत ते कळवा, सदरा कुठल्या मापाचा घेऊ?"

नऊ वेळा डोळ्यांनी नाही बघितलं. ते सांगायलाच हे पत्र.

सदतीस वर्षांमागची निवडणूक आठवा. मास्तर विरुद्ध वकील. तेव्हा फ्लेक्स नव्हते, भिंतीच होत्या, आणि भिंत म्हटली की दादा. अक्षरं तो काढायचा, मी खालून शिडी धरायची आणि मग त्याने आखलेल्यात रंग भरायचा. पायरीवर पाय ठेवण्याआधी तो विचारायचा, "धरलीस का?" मी म्हणायचो, "धरली." त्याशिवाय तो चढत नसे. पाटीची काच कापताना डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं पहिलं बोट मुळापासून गेलं, तेव्हा तुम्हीच फडकं बांधलं होतं. त्यानंतर तो जरा जास्तच जपून असायचा.

प्रचार संपायचा दिवस. पाचच्या आत भिंती पुऱ्या करायच्या. नाल्याच्या पुलाजवळची लांब भिंत मी मास्तरांना कबूल केली होती, आणि दादाने मला न विचारता वकिलांना. चार वाजता आम्ही तिथे पोचलो तर हा वकिलांचं नाव आखायला लागला. मी म्हटलं, "दादा, माझ्या शब्दाला किंमत आहे की नाही?" तो वरूनच म्हणाला, "बारक्या, तुला अक्षर येत नाही आणि शब्द देतोस होय रे?" खाली दोघं-तिघं उभे होते, ते हसले. ते निघून गेले तरी माझे कान तापलेलेच होते. मी म्हटलं, "मग धर तुझी शिडी तूच." आणि निघालो.

दहा पावलं, वहिनी. फार तर बारा.

वळलो तेव्हा शिडी भिंतीला तशीच टेकलेली, डबा तारेला लटकलेला, आणि वर कोणी नाही. त्या दिवशी वरच्या धरणाचं पाणी सोडलं होतं, नाला काठोकाठ होता. मी हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात त्या मलाही ऐकू आल्या नाहीत. मग मी काय केलं? शिडी खांद्यावर घेतली आणि घरी आलो. तुम्ही दारात होतात. म्हणालात, "हे कुठे राहिले?" मी म्हटलं, "वकिलांच्या ट्रकमधून पुढच्या गावी गेला. भांडलो आम्ही. राग उतरला की येईल."

तोंडातून निघालं ते निघालं.

तिसऱ्या दिवशी मतदान. मास्तरांनी मला पहिल्यांदा बाकावर बसवलं होतं. मी यादी उलटी धरली होती, लोक म्हणाले पहिलीच वेळ आहे, घाबरलाय. साडेदहा-अकराचा सुमार. वकिलांचा माणूस चहाला बाहेर गेलेला. कारकुनाने वाचलं, "चारशे सतरा," आणि दादाचं नाव. मी मान खाली घातली. वर बघायची हिंमत झाली नाही. शाईवाला म्हणाला, "अहो, हे बोटच नाही की! बरं, पुढच्या बोटाला लावतो." बाकापाशी पावलं थांबली. टर्पेंटाइनचा वास आला. आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं,

"धरलीस का?"

सवय, वहिनी. निव्वळ सवय. मी म्हटलं, "धरली."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का आपटल्याचा आवाज झाला. मी टिंब मारलं. मला काय आनंद झाला सांगू! पोहून निघाला, रागावलाय, पण जिवंत आहे. घरी येऊन मी तुम्हाला छातीठोक सांगितलं ना, "मत देऊन गेला, मी खोलीत होतो"? ते मी खोटं बोललो नव्हतो. त्याच शब्दावर तुम्ही पाच वर्षं इथे थांबलात, आणि चिमणीच्या घरी गेल्यावर बाकीची बत्तीस.

पुढची वही वाचून दाखवतो. त्या वर्षी मास्तर दोनशे बारा मतांनी आले. पुढच्या वेळी वकील एकोणीसशेंनी. मग सरकार पडलं आणि मध्येच कंत्राटदार उभा राहिला, त्याने दोघांनाही झोपवलं. मग वकिलांची सून दोनदा. मग मतदारसंघच कापला, नाल्यापलीकडची घरं दुसरीकडे गेली, याद्या नव्या झाल्या, कागद जाऊन यंत्रं आली. आमच्या आळीतली घरं पाडून इमारती झाल्या, शेजारी गेले, दादाचा चेहरा ओळखणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. नव्या यादीत मी आधी त्याचं नाव शोधलं. नसेल अशी आशा होती. होतं. चारशे सतराच. माझा स्वतःचा नंबर चार वेळा बदलला, त्याचा नाही.

आणि दर वेळी तो आला. साडेदहा-अकराला. त्या मिनिटाला समोरच्या पक्षाचा माणूस नेमका बाहेर असतो, नाहीतर खाली पडलेलं पेन शोधत असतो. कारकून तर दर वेळी नवा, परक्या कचेरीतला. तो माझ्याकडे बघतो, "काका, ओळखता ना?" आणि मी यादीत डोकं घालून म्हणतो, "ओळखतो." मग तो वास. मग ते दोन शब्द. मग माझं उत्तर. एकदा मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, संध्याकाळी आकडा एकाने कमी भरेल बघ. नोंदवहीत सहाशे अकरा सह्या होत्या. यंत्राने सहाशे अकरा दाखवले.

आता म्हणाल, एवढं घाबरायचं काय होतं, भाऊजी? स्वतःचा भाऊ ना?

मी टाळतोय. पाणी पिऊन आलो, कडीही बघून आलो.

त्या पहिल्या मतदानानंतर दोन दिवसांनी हवालदार मास्तरांच्या कचेरीत आला होता. नाल्याच्या जाळीला एक बेवारस सापडलाय, आळीतली तोंडं कोण ओळखतं? मास्तर कौतुकाने म्हणाले, "आमचा बारक्या. खोली दोन तोंडपाठ आहे त्याला." मला नेलं. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, फरशीची खोली, पांढरी चादर. चेहऱ्याचं काही सांगण्यासारखं नव्हतं. ते मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. पण डावा हात चादरीबाहेर होता. पहिलं बोट नाही. आणि पुढच्या बोटाच्या नखाला शाई, वहिनी. मतदानाची, जांभळी. डॉक्टर म्हणाला होता की चार दिवस पाण्यात होता. मतदान होऊन दोनच दिवस झाले होते.

हवालदाराने विचारलं, "ओळखतोस का?"

मास्तर जेमतेम दोनशे बारांनी आले होते, वकिलांची माणसं रस्त्यावर खुन्नस घेऊन फिरत होती, शिडी माझ्या घरात होती, ट्रकची गोष्ट मी सगळ्या आळीला सांगून बसलो होतो. हे सगळं तेव्हा डोक्यात आलं की नंतर मी ते जमवलं, आता सांगता येत नाही. मी म्हटलं, "नाही. ओळखत नाही."

त्यांनी नंबर लिहिला, तारीख लिहिली, आणि पुढचं उरकलं. मी बाहेर नळावर हात धूत होतो.

जिथे ओळखायचं तिथे ओळखलं नाही, म्हणून तो दर वेळी येऊन माझ्याकडून ओळख वदवून घेतो. मला तरी एवढंच समजतं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला वेगळं काही समजलं तर सांगा.

काल बाई परत आल्या होत्या. मी त्यांना फक्त एवढं म्हटलं, "हार आणू नका. नाव काढायचा अर्ज असतो ना, तो द्या." त्यांचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "काका, मग या सगळ्या टिंबांचं काय?" अर्ज ठेवून गेल्या. म्हणाल्या नाव आता मतदानानंतरच निघेल, बुधवारी ते वाचलं जाणारच. अर्जात एक रकाना आहे, मृत्यूची तारीख. सदतीस वर्षं ती एकट्या माझ्याजवळ होती. सकाळी भरली. रुग्णालयाच्या जुन्या वहीत तो नंबर अजून असेल, त्यावरून तुम्हाला दाखलाही मिळेल. नंबर पाठीमागे लिहिला आहे. मला तो कधी विसरता आला नाही.

तेव्हा मंगळवारी याच. पुढच्या महिन्याचं विसरा. माझं तोंड बघायचं नसेल तर किल्ली वाण्याकडे ठेवतो, मी दुसरीकडे झोपेन. सदरा आणू नका.

बुधवारी मी बाकावर असेन. बाईंना सांगून तुमच्यासाठी दाराजवळ खुर्ची ठेवायला लावतो. चारशे सतरा वाचलं जाईल तेव्हा मी या वेळी मान खाली घालणार नाही. उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं "हरकत" म्हणणार आहे. आणि त्याने ते दोन शब्द विचारलेच, तर खरं उत्तर देईन. सोडली होती, दादा.

त्यानंतर तो काय करील ते मला माहीत नाही. म्हणून तुम्ही खोलीत असाल तर बरं. माझ्यासाठी नाही. नऊ वेळा आला तेव्हा त्याला ओळखणारा एकही खरा माणूस तिथे नव्हता. एकदा तरी असावा.

अर्जावर खाली माहिती देणाऱ्याची सही लागते. ती केली आहे. इथेही तशीच करतो.

मयतास ओळखणारा,
तुमचा धाकटा दीर