दोन अधिक महिने

मांडवी, रत्नागिरी
२५ जुलै १९३६

प्रिय दादा,

सागवानी पेटी एक, चारही कोपरे एकमेकांत अडकवलेले, खिळा एकही नाही. शिसवी काठी एक, मूठ तुझ्या उजव्या हाताच्या मापाची. माप तू दुपारचा ओटीवर घोरत होतास तेव्हा दोऱ्याने घेतलं. काशीवहिनींना फणसाचा पोळपाट आणि शिवणीचं लाटणं. तुझ्या रघूला दुकानासाठी काटकोन, पात्याला पितळी पट्टी. तुझ्या नातीला, हेमाला, पांगाऱ्याची बैलगाडी. चाकं खरोखर फिरतात आणि बैल जुवातून सोडवता येतात. हे सगळं या महिनाभरात मी माझ्या हाताने केलं, कुणाचा रंधासुद्धा उसना आणला नाही. हौसा म्हणाली, "अहो, तिथे डरबनला मोठे भावजी स्वतः सुतारकीचं दुकान चालवतात, त्यांच्या घरी तुम्ही लाकूड पाठवणार? समुद्राला पाणी नेण्यातलं झालं." मी म्हटलं, त्यांच्या दुकानात यंत्राचा करवत आहे, असा सांधा नाही. पेटी पोचली की झाकण उघडून तो नीट बघ. केस जाईल एवढीही फट सापडली तर पत्र टाकून कळव.

नागपंचमी झाली. हौसाने पातोळ्या केल्या आणि तुझ्या वाटच्या चार केळीच्या पानावर बाजूला ठेवल्या. मग तू खेडला ताईकडे आहेस हे आठवून तिनेच त्या शेजारी आनंदीबाईंकडे दिल्या. पाऊस धरून आहे. पडवीत लाकूड वाळत नाही, सरस लवकर धरत नाही, म्हणून पेटीला दोन दिवस जास्त गेले. तुझ्या गुडघ्याला गंगूताई तेल लावते ना? ती लावते म्हणेल आणि विसरेल. लहानपणापासून तसंच आहे तिचं. तू मागून घे.

तू पहिल्यांदा आगबोटीत चढलास तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. तुझी हत्यारं घरात होती, शिकवायला कोणी नव्हतं. मग तू केलेलं मागल्या दाराचं कवाड मी उतरवलं आणि सांधे उलगडून पाहिले, कुठे काय कसं बसवलंस ते. पुन्हा जोडायला आठ दिवस लागले. तोवर कोंबड्या थेट चुलीपर्यंत. आई म्हणायची, "एक मेला समुद्रापलीकडे गेला, दुसरा दार घेऊन चालला." पुढे इंग्रजीही मी तसंच शिकलो, हत्यारांच्या जाहिरातींचं पुस्तक आणि एक फाटका शब्दकोश घेऊन. तू मला अजून "शाळामास्तर" म्हणून चिडवतोस. चिडव. आज त्याच मास्तरकीचं तुला ऐकायचं आहे.

तिथला कायदा तुला ठाऊकच आहे, तूच मला सांगितलास. तिकडे राहणारा हिंदी माणूस सलग तीन वर्षं देशाबाहेर राहिला की त्याचा रहिवासाचा हक्क संपतो. मग तीस वर्षं तिथे घाम गाळलेला असो, बायको-मुलं तिथे असोत, दुकानावर नावाची पाटी असो, बंदरावरूनच परत. नव्याने अर्ज करून शिरायची सोय आता नाही. तू आईच्या आजारपणासाठी आलास. आई दोन महिन्यांची सोबती म्हणाला होता वैद्य, ती पावणेदोन वर्षं राहिली, तुझ्या हातची पेज पिऊन. गेली तेव्हा तू वर्षश्राद्धाशिवाय हलायचा नाहीस हे ओघानेच आलं. थोरला मुलगा तू. ते या ज्येष्ठात झालं. मग तू म्हणालास, आता गणपती करू आणि निघू; मी दिवाळीत आलो, तीन वर्षं या दिवाळीला पुरी होतात, दोन-चार दिवस आधी पोचलो की झालं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. मापात सुताभर चूक काढणारा मी, आणि मला हे दिसलं नाही.

तू खेडला गेल्यावर मी गणपतीच्या मखराचं काम काढलं. किती दिवस हातात आहेत ते बघायला पंचांग उघडलं तर यंदा भाद्रपद अधिक. चतुर्थी एकोणीस सप्टेंबरला, दिवाळी पार नोव्हेंबरच्या मध्यात. तू आलास ती दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर होती, दादा. तू धनत्रयोदशीला पडावातून उतरलास तेव्हा तुझ्या पायाला चिखल लागला होता आणि आई दारातूनच ओरडली होती, पाय धू आधी. दोन वर्षांपूर्वी वैशाख अधिक आला, आता भाद्रपद. आपल्या तीन वर्षांत दोन महिने वाढीव आले आणि आपण दिवाळ्या मोजत बसलो. तिथल्या साहेबाच्या वर्षाला अधिक महिना नसतो. शिवाय तो तुझे दिवस मांडवीला उतरलास तिथून धरणार नाही, तिथला किनारा सोडलास तिथून धरणार. तू हेमाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी निघालास, चोवीस सप्टेंबरला. हे तू इतक्यांदा सांगितलं आहेस की आमच्या शेजारच्या बाबल्यालाही पाठ आहे. म्हणजे येत्या चोवीस सप्टेंबरच्या आत तुझा पाय डरबनच्या धक्क्याला लागला पाहिजे. दिवाळीत नव्हे. गणपतीलाही थांबता येत नाही.

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. हातातली पटाशी खाली ठेवली आणि त्याच दिवशी मुंबईला आपल्या बाबूला पत्र टाकलं. तो गोदीत आहे, त्याच्या ओळखी आहेत. तो बोटीच्या कचेरीत गेला, एका वकिलालाही विचारून आला. काल त्याचं उत्तर आलं. माझा हिशेब बरोबर निघाला. बरोबर निघाल्याचा आनंद झाला नाही असं हे पहिल्यांदाच झालं.

आठ ऑगस्टच्या बोटीत तुझी जागा धरली आहे. ती वाटेत मोंबासा, झांजिबार घेत ऑगस्टअखेर पोचते. पुढची बोट दोन सप्टेंबरला आहे, ती तेविसाला पोचेल असं कचेरीतला कारकून म्हणाला. पण वाटेत एका बंदरात कोळशासाठी दोन दिवस खोळंबा झाला की संपलं. एवढ्या कमी जागेवर मी खुंटीसुद्धा बसवत नाही. आपल्या आगबोटी पावसामुळे बंद आहेत, म्हणून तू खेडहून चिपळूण, तिथून मोटारीने कुंभार्ली घाट चढून कराड, आणि पुढे आगगाडी. तीन ऑगस्टला नीघ. घाटात दरड आली तर दोन दिवस हाताशी राहतील. मोटारीवरचा रामा पेटी चिपळूणला आणून देईल. तुझा रहिवासाचा दाखला, अंगठ्याच्या ठशांचा, देव्हाऱ्यामागून काढून मेणकापडात गुंडाळून पेटीत ठेवला आहे, वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला. आईच्या लुगड्याचा तुकडा त्याच्याच खाली आहे.

मी चिपळूणला येत नाही. हौसा म्हणते, जा, पाया पडून या. मी आलो तर पेटी देईन आणि मग हात धरून बसेन, आणि तू म्हणशील, अरे एक गणपती काय तो. म्हणून रामा येतो आहे. मी समजून त्यालाच आशीर्वाद देऊ नकोस म्हणजे झालं, तुझी नजर हल्ली अधू झाली आहे.

एक गोष्ट तुला ठाऊक नसेल. गेल्या महिन्यात, तुफान पाऊस चालला होता, पागोळ्यांचा आवाज एवढा की शेजारी बोललेलं कळेना, आणि तू ओटीवर घोंगडी पांघरून बसला होतास. हौसाने चहा दिला. तू पेला हातात धरून म्हणालास, "घरी आता थंडी पडली असेल. हेमाची छाती भरते थंडीत." डरबनला आपल्या पावसाळ्यात थंडी असते. हौसा आत गेली. मी रंधा मारत राहिलो. माझं वय एकोणपन्नास, दादा, आणि एवढी वर्षं मी लोकांना सांगत आलो की दादा तिकडे कामाला आहे, घर त्याचं इथेच. त्या दिवशी मला कळलं, घर कुठे आहे ते. मला राग आला नाही. थोडं लागलं, पण ते माझं मी बघून घेईन.

गणपतीचं मखर मी करतोच आहे. पूजेला मी बसेन; तू नसताना तीस वर्षं बसतच होतो. आरतीत तुझा वरचा सूर नसेल, तेवढं आनंदीबाईंच्या कानांना बरं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वर्षश्राद्धानंतर चौथ्या दिवशी तू मला धक्क्याजवळची रिकामी वखार दाखवायला नेलंस. गणपतीनंतर निघायचं ठरलेलं असताना तिथे उभा राहून म्हणालास, "महिपत, ही आपण घेऊ. पाटीवर दोघा भावांची नावं. रघूला लिहून माझे साठवलेले पैसे मागवतो, आणि मी काही आता परत जात नाही." मी तुझ्याकडे न बघता म्हटलं, मला भागीदार नको, माझं मला पुरतं. तीन दिवस जेवताना मान वर केली नाहीस आणि ताईकडे निघून गेलास. तुला वाटलं, मास्तरला गर्व चढला. खरं हे आहे की तेराव्या वर्षापासून मी त्याच पाटीची वाट बघत होतो. होय म्हटलं असतं तर तू राहिला असतास, माझ्यासाठी, आणि दर आषाढात तिकडच्या थंडीची चौकशी करत. काशीवहिनी तिकडे, तू इकडे, आणि मध्ये कधीच न उघडणारं बंदर. म्हणून नको म्हटलं. वरच्या यादीत मी सोडलेलं हेही मांड: दुकानात निम्मी भागी, पाटीवर तुझ्या नावाशेजारी माझं नाव, आणि सुरुवातीला तुझे साठवलेले रोख बाराशे रुपये.

तुझाच,
महिपत