हितचिंतक होणार नाही

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

ठरलं. यंदा मी हितचिंतक होणार नाही.

आमच्या छायाचित्र मंडळाचा नियम असा, की सलग तीन वर्षं ज्याचा एकही फोटो वार्षिक प्रदर्शनात लागत नाही, त्याचं नाव 'प्रदर्शक सभासद' या यादीतून काढून 'हितचिंतक सभासद' या यादीत टाकतात. हितचिंतकाने प्रदर्शनाच्या दिवशी करायचं काय, तर खुर्च्या मांडायच्या. माझी दोन वर्षं कोरडी गेली. दोन्ही वर्षी परीक्षकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्याला माझा इलाज नाही.

यंदाचा विषय: वेग. आणि शनिवारी माझ्या मेहुण्याने नवीकोरी स्पोर्ट्‌स कार घेतली! राहतो कुठे, तर आमच्याच कॉलनीत, समोरच्या इमारतीत. याला म्हणतात योग.

दुसरा संकल्प: आजपासून रागवायचं नाही. बीपी.

३ मार्च. संध्याकाळी ६.४५

रागावलो. वजनमापे कार्यालयात वीस वर्षं हेडक्लार्क आहे, आणि माझ्याच टेबलावरचा, कागदांना भोकं पाडायचा पंच कुणीतरी उचलून नेतो. संकल्प उद्यापासून.

५ मार्च, बुधवार

गाडी पाहिली. पिवळी. दोन दारांची. इतकी बुटकी, की आत बसायचं म्हणजे आधी जमिनीवर बसल्यासारखं करायचं. वेगाच्या काट्यावरचा शेवटचा आकडा ३२०. असा आकडा मी आजवर फक्त ऑफिसात माझ्या टेबलासमोर लावलेल्या गाडीच्या पोस्टरवर पाहिलाय.

मेहुण्याचा गाद्यांचा कारखाना आहे. माणूस गादीसारखाच. मऊ. म्हणाला, भाऊजी, गाडी तुमचीच समजा, हवे तेवढे फोटो काढा, फक्त ती कॉलनीच्या बाहेर जात नाही.

का?

गेटवर स्पीडब्रेकर आहे. गाडीचं पोट घासतं. शोरूमच्या माणसांनी फळ्या टाकून ती आत आणून दिली आणि फळ्या घेऊन गेले. आता हा रोज सकाळी गाडी सुरू करतो, दहा मिनिटं इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकतो, पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत जातो आणि रिव्हर्समध्ये परत येतो. एकशे चाळीस मीटर. दुसरा गिअर अजून पाहिलेला नाही. आज माझ्यासमोर एक म्हातारबाबा काठी टेकत गाडीच्या पुढे निघून गेले आणि वर मागे वळून हसले.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्या स्पीडब्रेकरचा बंदोबस्त करणार.

७ मार्च, शुक्रवार

अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात. तिथल्या क्लार्कला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, हा स्पीडब्रेकर कुठल्या अतिशहाण्याच्या डोक्यातून आला? तो शांतपणे उठला, फाईल काढली, समोर ठेवली. सहा वर्षांपूर्वीचा अर्ज. 'बेफाम वाहनांना आळा घालण्याबाबत.' साठ सह्या. अक्षर माझं. पहिली सही माझी.

सरकारी कार्यालयात इतके जुने कागद कशाला सांभाळतात, कळत नाही. जागा किती अडते!

९ मार्च, रविवार

प्रयत्न पहिला. मेहुण्याला म्हटलं, टाकीपासून सुसाट सोड. त्याने सुसाट सोडली. ताशी बारा. १८६ फोटो काढले. १८६ फोटोंत गाडी उभी आहे.

हिला दाखवले. ही म्हणाली, छान आहेत, निघायची कधी आहे?

चोवीस वर्षं संसार केला, पण बायकोला एका ओळीत माणसाचा कचरा करायची जी कला साधलीय, ती मला कॅमेऱ्यात साधली असती तर आज मंडळाचा अध्यक्ष असतो. रात्री जेवेपर्यंत बोललो नाही. जेवताना मीठ मागावं लागलं.

१२ मार्च, बुधवार

आज डोळे उघडले. चौकातल्या स्टुडिओवाल्याकडे गेलो होतो. हा लग्नांचे फोटो काढतो म्हणून मी याला कधी फारसं मोजलं नव्हतं. त्याला माझे १८६ दाखवले. तो म्हणाला, साहेब, पोस्टरवरच्या त्या सुसाट गाड्या असतात ना, त्यातल्या बऱ्याच ढकललेल्या असतात.

ढकललेल्या!

गाडीलाच एक लांब दांडी बसवायची, दांडीच्या टोकाला कॅमेरा. इंजिन बंद, नाहीतर कॅमेरा थरथरतो. मग माणसांनी गाडी पायी चालल्यासारखी हळू ढकलायची आणि शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवायचं. गाडी स्वच्छ येते, मागचं सगळं फराटे ओढल्यासारखं पळतं. बघणाऱ्याला वाटतं दोनशेचा वेग. नंतर फोटोतली दांडी पुसून टाकायची, ती मी पुसून देईन, म्हणाला.

म्हणजे गेली अकरा वर्षं मी ज्या पोस्टरकडे बघून रोज ऑफिसचं काम सुरू करतो, त्यातली गाडी चार माणसं ढकलत होती? फसवणूक! वजनमाप खात्याच्या माणसाची! ऑफिसात जाऊन पोस्टर टराटरा काढलं.

संध्याकाळी ५.३०: परत लावलं. विचार केला, तर माझं काम सोपंच झालंय. गाडी पळायची गरजच नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.००

फोटो झाला. आणि माझा फोटो म्हणून सांगत नाही, पण झालाय.

पडद्याची जाड दांडी घेतली, काच उचलायचे रबरी पंप गाडीला चिकटवले. ढकलायला तिघं: मेहुणा, ही आणि वॉचमन. मी गाडीच्या बाजूने रिमोट घेऊन चालणार, कारण दिग्दर्शकाने ढकलायचं नसतं. सगळ्यांना सूचना दिल्या: वाकून ढकला, डोकं दिसता कामा नये.

ही म्हणाली, आत कुणीतरी बसायला नको का, स्टिअरिंगला? मी म्हटलं, रस्ता सरळ आहे, आणखी सत्तर किलो कशाला ढकलता? वजनाची अक्कल मला शिकवू नका. मेहुणा घाबरत म्हणाला, भाऊजी, ब्रेक? मी म्हटलं, अरे, समोर स्पीडब्रेकर आहे ना, तो कशासाठी आहे?

टाकीपासून गेटकडे थोडा उतार आहे हे आजवर लक्षात आलं नव्हतं. बत्तिसाव्या फोटोपर्यंत तिघं गाडी ढकलत होते, त्यानंतर तिघं तिच्या मागे धावत होते. अपेक्षेप्रमाणे स्पीडब्रेकरवर थांबली. पुढचा खालचा ओठ तडकला. हे मी आधीच सांगितलं होतं, की थांबेल.

मेहुणा फुटपाथवर बसून राहिला. ही मात्र किती बोलली! मला राग आला तो याचा, की एवढ्या गोंधळात कॅमेरा वाचला का, हे एकानेही विचारलं नाही.

१९ मार्च, बुधवार

स्टुडिओवाल्याने मोठी प्रिंट काढून दिली. विसावा फोटो. पिवळी गाडी बाणासारखी सुटली आहे, मागे कॉलनीच्या भिंती, झाडं, मीटरच्या पेट्या सगळं पाण्यासारखं वाहतंय. नाव दिलं: 'वेग २४०'.

मेहुण्याला दाखवली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, भाऊजी, माझी गाडी पळताना मी पहिल्यांदाच पाहिली. डोळे पुसले त्याने. तडकलेल्या ओठाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाला, प्रदर्शनात लागू दे, कारखान्यातल्या बारा जणांना घेऊन येतो. हीसुद्धा म्हणाली, आपला फोटो चांगला आलाय हं. आपला! ढकलणाऱ्याचा फोटो असतो होय? पण मी काही बोललो नाही. रागवायचं नाही हा संकल्प अखेर अंगवळणी पडतोय.

२१ मार्च, शुक्रवार

फोटो दिला. मंडळात दवबिंदू भेटला. (हा सभासद पंधरा वर्षं गवतावरचं दव सोडून कशाचाही फोटो काढत नाही.) यंदा त्याने विषय साधला तो असा: गवतावरून दव खाली पडतंय. म्हटलं, वा, जोरात आहे. मनातल्या मनात त्याच्याकडून खुर्च्या मांडून घेतल्या.

२७ मार्च, गुरुवार

पत्र आलं. वाचलं. अंगाचा तिळपापड झालाय.

'आपले छायाचित्र वेग या विभागात विचारात घेता आले नाही. ताशी २४० वेगाने निघालेल्या गाडीत चालक नाही, तसेच मागील चाकाच्या पलीकडे सहा पाय दिसतात, याकडे परीक्षकांनी लक्ष वेधले. परीक्षक सुमारे दहा मिनिटे हसत होते.'

एवढं वाचलं आणि पुढचं वाचवेना. भिंग घेऊन प्रिंट पाहिली. सीट रिकामी. पट्टा लोंबतोय. खाली सहा पाय, त्यातले दोन हिच्या जांभळ्या सँडलमधले.

जांभळ्या! गाडीच्या फोटोला जांभळ्या सँडल घालून कोण येतं?

ताबडतोब उत्तर लिहिलं. अक्षर अत्यंत वळणदार आलं, राग आला की येतं. मुद्दे: एक, जिथे कलेला हसतात तिथे माझा फोटो राहणार नाही, तो मी मागे घेत आहे. दोन, सदर दोष माझा नसून माझ्या मदतनिसांचा, म्हणजे माझी पत्नी व तिचे गादीवाले बंधू यांचा आहे. दोघांनाही काडीची अक्कल नाही आणि अशा माणसांना घेऊन काम करावं लागणं हे माझं दुर्दैव आहे. तीन, कळावे.

स्वतः जाऊन मंडळाच्या पेटीत टाकलं. हलकं वाटलं.

२८ मार्च, शुक्रवार

मेहुण्याने जिन्यातच गाठलं. पत्र आलं का? म्हटलं, आलं. लागला का फोटो? मी म्हटलं, परीक्षकांवर फार परिणाम झाला. हे खोटं नाही. त्याने मिठीच मारली. प्रदर्शन सहा एप्रिलला, रविवारी; कारखान्याला सुट्टी असतेच, सगळे येतो म्हणाला. ही आतून ऐकत होती. संध्याकाळी चहाबरोबर न मागता बिस्किटं आली.

सांगणार आहे. सोमवारी सांगेन.

३१ मार्च, सोमवार

सांगितलं नाही. मंडळाचं पत्र फाडायला घेतलं, तर दुसरा परिच्छेद दिसला.

'तथापि सदर छायाचित्र विनोद विभागासाठी परीक्षकांनी एकमताने निवडले असून ते प्रवेशद्वाराशी मोठ्या आकारात लावण्यात येईल. आपले प्रदर्शक सभासदत्व अर्थातच कायम राहील. अभिनंदन.'

प्रवेशद्वाराशी! मोठ्या आकारात!

पत्र लिहायची ही पद्धत आहे? अभिनंदन शेवटी? माणसाने पहिल्या ओळीत चांगली बातमी द्यावी, मग हवं तेवढं हसावं. मंडळाच्या पत्रव्यवहाराबद्दल स्वतंत्र तक्रार करणार. पण आधी माझं पत्र परत मिळवायला हवं.

१ एप्रिल, मंगळवार

मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. फोन उचलेनात, म्हणून पेशंट म्हणून नंबर लावला. खुर्चीत बसलो. बोलायला तोंड उघडलं, तर त्यात आरसा आणि नळी घातली.

बोलायचं काम डॉक्टरांनीच केलं. म्हणाले, तुमचं पत्र मिळालं, बैठकीत वाचून दाखवलं, फार कडक लिहिता तुम्ही, आम्ही तुमच्या भावनेचा आदर केला. मी आ आ केलं. दुखतंय का म्हणाले. मी मान हलवली. मग म्हणाले, फोटो काढून घेतला, त्या जागी दवबिंदूंचा लावला, नाव यादीतून हलवलं, रविवारी सकाळी आठला या, खुर्च्या गोदामात असतात. मी जोरात आ केलं. त्यांनी इंजेक्शन दिलं.

डावी अक्कलदाढ काढली. ती किडलेली नव्हती असं माझं मत आहे.

५ एप्रिल, शनिवार

गाल सुजलाय, बोलता येत नाही, त्यामुळे घरी सांगायचं राहिलं. हिने माझा शर्ट इस्त्री करून ठेवला आहे. उद्या तिथे कुणी यायचं नाही असं सकाळीच खडसावून सांगणार.

६ एप्रिल, रविवार. सकाळी ११.२०

खुर्च्यांच्या गोदामात बसून लिहितोय. दार अर्धं उघडं आहे.

खडसावलं नाही. ही झोपेत असतानाच निघालो. ऐंशी खुर्च्या मांडल्या. मेहुण्याची बारा माणसं येणार म्हणून बारा जास्त मांडल्या.

साडेदहाला सगळे आले. मेहुणा नव्या कोटात. कारखान्यातली माणसं केस विंचरून, एका रांगेत. ही नवे कपडे घालून, आणि पायात त्याच जांभळ्या सँडल. मुद्दाम घातल्या, म्हणाली, फोटोत आहेत ना. तिला दिसल्या होत्या. पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या.

एकेक फोटो बघत एक भिंत संपली, दुसरी संपली. ही माझ्याकडे आली. आपला कुठाय हो?

मी म्हटलं, नाकारला त्यांनी.

तिचा चेहरा लाल झाला. नाकारला? तिघांनी घाम गाळला, त्याची गाडी फुटली, तुम्ही महिनाभर धड जेवला नाहीत, आणि हे नाकारतात? थांबा जरा, विचारते त्या डॉक्टरला! चोवीस वर्षांत ही माझ्या बाजूने भांडायला पहिल्यांदाच निघाली. मला इतकं बरं वाटलं, की तिला अडवायचं राहून गेलं.

दारातून दिसतंय. डॉक्टर हात जोडून काहीतरी सांगताहेत. फाईल उघडली. माझं पत्र. वळणदार अक्षर इथूनही ओळखू येतं. हिने चष्मा लावला. मेहुणा तिच्या खांद्यावरून वाचतोय, तो सावकाश वाचतो, ही त्याच्यासाठी कागद धरून थांबली आहे.

११.४५

गेले. ही माझ्याकडे न बघता गेली. बारा माणसं तिच्या मागून गेली. मेहुणा तेवढा गोदामाच्या दारात आला. आवाज चढवला नाही. म्हणाला, खरंय भाऊजी, अक्कल नाहीच मला, नाहीतर ब्रेक न लावता गाडी कुणाच्या हाती दिली असती का?

काहीतरी सणसणीत उत्तर द्यायचं होतं. एवढ्या वर्षांत मला राग कधी कमी पडला नव्हता. आज शोधला, सापडला नाही. नुसती लाज वाटत होती.

डॉक्टर येऊन म्हणाले, पुढे बारा खुर्च्या उगाच जास्त झाल्यात, तेवढ्या उचला.

उचलल्या.