मफलरची उजवी दाढ

३ मार्च, सोमवार

मफलरचा उजवा डोळा आज परत चिकटलेला. पाणी उकळून गार केलं, कापसाचा बोळा बुडवून पुसला. नाकाकडून बाहेरच्या बाजूला, दोन डोळ्यांना दोन वेगळे बोळे, लेकीने शिकवलं होतं तस्सं. डोळ्यावर येणारे केस कात्रीने कमी केले. डोळ्याखाली जरा सूज वाटते. गांधीलमाशी चावली असेल. नाक घालायला कुठे कमी करतो हा कुत्रा?

डोळ्यांचं मी कधी चुकवत नाही, एवढं मात्र खरं.

४ मार्च, मंगळवार

सूज तशीच.

लेकीचा फोन आला होता. कुत्रा तिचा. ती दहा महिने झाले परगावी प्रशिक्षणाला गेलीय, तेव्हापासून तो माझ्या गळ्यात. तिची शेवटची परीक्षा आठवड्यावर आलीय, तरी पहिला प्रश्न मफलरचाच. दात घासतेस ना रोज? म्हटलं, घासते की. फ्रिजवर तिने जाताना तक्ता लावून दिलाय. घासले की त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण करायची. दर रविवारी मी तिला त्याचा फोटो पाठवते. एक चौकोन रिकामा नाही.

घासले मात्र नाहीत. लिहून टाकलं बाई एकदाचं!

पहिले नऊ दिवस घासले. दहाव्या दिवशी तो गुरगुरला, बोटाला दात लागला, म्हटलं उद्या बघू. तो उद्या काही उजाडला नाही. खुणा चालूच. आधी रोज करायचे, मग रविवारी बसून सातच्या सात एकदम, खरं वाटावं म्हणून तीन वेगळ्या पेनांनी. आणि बाईसाहेब नोकरीला कुठे? तर दातांच्या दवाखान्यात! एकोणीस वर्षं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

६ मार्च, गुरुवार

सकाळी एक काका खुर्चीत बसले. हिरड्या सुजून फुगलेल्या, आणि म्हणे मी दोन वेळा घासतो, पाच-पाच मिनिटं. बाईंनी, म्हणजे आमच्या दातांच्या डॉक्टरांनी, माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. दुपारच्या चहाला आम्ही त्यावर हसलो. सगळे हेच सांगतात. मीही हसले, कोडगी कुठली.

हसता हसता मफलरचा फोटो दाखवला, म्हटलं बघा ना, माशी चावलीय याला. बाईंनी फोटो मोठा केला. हसायच्या थांबल्या.

"हे डोळ्याचं नाही. वरची मोठी दाढ बघा त्याची. कुत्र्यांत तिची मुळं थेट डोळ्याखाली येतात."

एवढं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. त्यांचा स्वतःचा कुत्रा होता पूर्वी, त्यांना माहीत असणारच. मी थुंकी ओढायची नळी धरून उभी होते. लक्षच नव्हतं माझं. पेशंटच्या घशात पाणी गेलं, बिचाऱ्याला ठसका लागला.

घरी आल्यावर पर्स पण खाली ठेवली नाही, आधी मफलरचा ओठ उचलून बघितला. उजव्या दाढेवर पिवळं-तपकिरी कवच चढलंय, हिरडी लालभडक, कडेने पू. आणि वास! तो वास मला गेले कित्येक महिने येतोय. ह्यांनी दोनदा विचारलंही होतं. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं मीच ठणकावून सांगितलं होतं. दातांच्या दवाखान्यातल्या बाईचा शब्द. ह्यांनी मान डोलावली.

दिवसातून दोनदा त्याचा डोळा पुसत होते आणि डोळ्याच्या दोन बोटं खाली असलेला ओठ उचलून कधी बघितलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.

दवाखान्यातल्या टाकाऊ सामानातून दातांचं कीट खरवडायचं जुनं हत्यार पर्समध्ये टाकून आणलं. हे फिरायला गेले तशी मफलरला टॉवेलात गुंडाळलं आणि खरवडायला बसले. पुढचे दात केले, डावी बाजू केली. कवचाचे टवके पडत होते. हिरड्यांतून रक्त आलं. उजवीकडे हत्यार नुसतं टेकवलं तर असा कळवळला की माझ्या हातून ते गळूनच पडलं.

त्याच्यासाठी नाही केलं हे. उद्या जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, त्याच्यासमोर माझं पितळ उघडं पडू नये म्हणून केलं. कालच ते खुर्चीतले काका मला हसू येण्यासारखे वाटले होते. ते निदान स्वतःचेच दात घेऊन आले होते.

मफलर टेबलाखाली जाऊन बसला. बोलावलं तरी आला नाही.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर तरुण आहे, बोलायला मऊ. मफलरचा ओठ उचलून बघितलं. दात घासता का रोज, म्हणाला. मी म्हटलं, रोज. वर शहाणपणा — मी दातांच्या दवाखान्यातच आहे, एकोणीस वर्षं. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला.

पण प्रश्न तिथूनच सुरू झाला. बाकीचे दात स्वच्छ, एकच बाजू अशी सडलेली, आणि तीही रोज घासून? त्याच्या कपाळाला आठ्या. नुसती दाढ किडली असती तर दोन्हीकडे थोडंफार दिसलं असतं, म्हणाला. हाडात काही वाढतंय का बघायला हवं. बुधवारी भूल देऊन जबड्याच्या हाडाचा तुकडा काढायचा, तो तपासायला पाठवायचा. गाठ असण्याची शक्यता धरून चला, म्हणाला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, बरं, बुधवारी किती वाजता?

९ मार्च, रविवार

आज तक्त्याचा फोटो पाठवला. हो, पाठवला!

१० मार्च, सोमवार

ह्यांनी लेकीला सांगून टाकलं. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. पाच मिनिटांत तिचा मला फोन. हुंदके देत होती. परवा परीक्षा आहे तिची, ती सोडून येते म्हणाली. मफलर भुलीतून उठला नाही तर? मला तिथे असायला हवं.

मी नको नको म्हणतेय, तर ती उलट माझीच समजूत घालायला लागली. "आई, तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस हं. तू रोज एवढं करत होतीस. तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर एवढंही केलं नसतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते आज कळलं.

११ मार्च, मंगळवार

तीन वेळा फोन हातात घेतला. लावला नाही. उद्या सकाळी सातच्या बसने निघतेय ती.

१२ मार्च, बुधवार

सहाला उठून तिला फोन लावला. बूट घालत होती. म्हटलं, येऊ नकोस, परीक्षेला जा, मी काय सांगते ते ऐक. सगळं सांगितलं. नऊ दिवस, खुणा, तीन पेनं, हत्यार, सगळं. मधे एकदा वाटलं फोन कट झाला. नव्हता झाला.

"सगळ्या खुणा?" एवढंच विचारलं तिने.

म्हटलं, सगळ्या.

मग तिने फोन ठेवला.

डॉक्टरला जाऊन तेच सांगितलं. तिथे आणखी दोघं बसली होती आपापली जनावरं घेऊन, त्यांच्यासमोरच. थांबले असते तर धीर सुटला असता. तो चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं. म्हणाला, मग आधी एक्स-रे काढू, हाडाला हात लावायची गरज नसेलही. नव्हतीच. तीन मुळांची दाढ काढली, पू साफ केला. गाठबिठ काही नाही. माझ्या खोटेपणापायी त्या मुक्या जीवाचं चांगलं हाड कापलं गेलं असतं.

दुपारी मफलर झोकांड्या खात घरी आला. सूज आत्ताच उतरल्यासारखी दिसते.

लेकीने फोन उचलला नाही. ह्यांना मेसेज आला — पेपरला बसले होते.

१५ मार्च, शनिवार

मफलर मऊ भात चाटून खातो. ह्यांनी तक्ता काढून टाकला. मलाही विचारलं नाही.

२२ मार्च, शनिवार

टाके विरघळले. डॉक्टरने मंगळवारीच घासायला परवानगी दिली होती, जखमेची बाजू सोडून. कुत्र्यांची वेगळी पेस्ट आणली, माणसांची चालत नाही, ते थुंकत नाहीत, गिळतात. पहिल्या दिवशी नुसतं बोटावर चाटवायचं. मग ओठ उचलून, बाहेरच्या बाजूने, दोन-चार दात. गुरगुरला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी परत. एवढंच होतं ते. सहा दात झाले आज.

२३ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. अकरा दिवसांनी! परीक्षा बरी गेली म्हणाली. मफलर कसा आहे विचारलं. मग मधेच म्हणाली,

"आई, आजीच्या डोळ्यांतले थेंब... ते तरी रोज घालत होतीस ना?"

आजी म्हणजे माझी आई. काचबिंदू होता तिला. शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती, गेली तेव्हा तिला काही दिसत नव्हतं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, एक वेळ चुकवली नाही मी. तापाने फणफणले होते तेव्हाही भिंत धरत जाऊन घातले.

म्हटलं, घालत होते गं. रोज. दोन्ही वेळा.

"बरं," ती म्हणाली.