भूलभुलैयाचा नकाशा

३ मार्च
पुस्तक आलं. ‘पाहायलाच हव्यात अशा जुन्या बागा’. आपली बाग मधल्या पानावर, आणि शेजारी भूलभुलैयाचा नकाशा! खाली बारीक अक्षरांत – नकाशा दिल्याबद्दल तिकीट खिडकीवरच्या गृहस्थांचे आभार. गृहस्थ म्हणजे माझा नवरा.
पुढे एक अक्षर बघवलं नाही. पुस्तक पालापाचोळ्याच्या खड्ड्यात भिरकावलं.

४ मार्च
आतली वाट बाबांनी मला सांगितली, त्यांना आजोबांनी. झुडपं छाटायची कातर हातात द्यायची आणि मग वाट सांगायची, अशी आमची रीत. बागेच्या समितीचे अध्यक्ष किती वेळा गोड बोलले, त्यांनासुद्धा मी दाद दिली नाही. बाहेरच्या एकाच माणसाला सांगितली – लग्न झाल्यावर, यालाच!
आणि हा कोण? लग्नाआधी इथेच हरवलेला एक पाहुणा. चुकत चुकत बंद कोपऱ्यातल्या दगडी बाकाशी पोचला आणि तिथे बसून हाका मारत होता. मी बाहेर काढलं; येताना त्याने चुकलेलं एकेक वळण दाखवलं. तीच आमची ओळख.
आज विचारलंच. म्हणाला, “नकाशा नीट बघितलास?”
“बघायचंय काय त्यात! केसाने गळा कापलास माझा.”
ताट सरकवून उठला.

५ मार्च
कुंपणच शेत खायला लागलं तर जाब विचारायचा कुणाला?

८ मार्च
छाटणीसाठी भूलभुलैया बंद केला. दिवसभर शिडीवर. वाट सगळ्यांना कळली तर तो भूलभुलैया कसला, नुसती झुडपं! समिती टपूनच बसलीय – ती उपटायची आणि गाड्या लावायला जागा करायची. बाबांनी जन्मभर राखलेलं माझ्या हातून जाणार, तेही घरच्याच माणसामुळे. रडू आलं. शिडीवरच रडले.
खालून माळी म्हणाला, “ताई, जरा हळू. कातर आज फार पेटलीय.” बघते तर एक कोपरा पार भादरून टाकला होता!

११ मार्च
बॅग भरून गेला. खिडकीची किल्ली खिळ्याला अडकवलेली.
संध्याकाळी नणंदेचा फोन. “वहिनी, दादा इथे आलाय. झालंय काय?”
“त्यालाच विचार.”
“विचारलं गं. म्हणतो, इतक्या वर्षांनी तिला माझी खात्री द्यावी लागत असेल, तर मी तोंड उघडणार नाही.”
चोराच्या उलट्या बोंबा!

१५ मार्च
खिडकीवर आता मीच बसते. त्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. इतकी वर्षं बसला, कधी बोलला नाही.

१९ मार्च
अध्यक्ष येऊन गेले. पुस्तकाची प्रत काखेत. म्हणाले, “आता काय, सगळं उघडच झालं! झुडपांचा निर्णय पुढच्या बैठकीत घेऊ.” हसून म्हणाले. उद्या भूलभुलैया उघडायचा. जीव होत नाही.

२० मार्च
हातात पुस्तक घेतलेले पाहुणे सकाळीच आत शिरले. म्हटलं, आता येतील हसत बाहेर. कुणी येईना. मग आतून हाका – “अहो, कुणी आहे का?” त्यांत अध्यक्षांचाही आवाज!
गेले. सगळेच्या सगळे दगडी बाकाशी, दाटीवाटीने, पुस्तकं उघडी.
“अहो बाई, नकाशा तर इथेच संपतो!”
एकाच्या हातातून पुस्तक घेतलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. एकूण एक वळण चुकीचं – आमची ओळख झाली त्या दिवशी तो चुकला होता, अगदी तस्संच. शेवट बाकाशी.
लोकांना बाहेर सोडलं आणि पुन्हा आत आले. नणंदेला फोन लावला.
“तो बोलणार नाही म्हणतोय, वहिनी.”
“नको बोलू दे. एवढंच सांग – मी बाकावर बसलेय. मला वाट सापडत नाहीये.”