दुसऱ्यांदा सेव्ह

बाबा, मॉनिटरखाली चिकटवलेली तुमची चिठ्ठी आज निघाली. 'एन्ट्री दोनदा सेव्ह करणे', निळ्या पेनाने, तुमच्या त्या उभ्या अक्षरात. तुम्ही गेल्यावर कॉम्प्युटर बदलले, पण चिठ्ठी प्रत्येक वेळी कुणीतरी जपून नव्यावर लावली. सियागंजच्या या पाइपवाल्या ऑफिसात तो कायदाच झाला होता. मी कॉलेज अर्धवट सोडून तुमच्याच खुर्चीवर येऊन बसलो, तेव्हा मलाही तोच मिळाला.

झालं असं, की मानपुरच्या गोदामात नवा माणूस आला आणि परवा एकाच गिऱ्हाइकाकडे तोच माल घेऊन दोन ट्रक गेले. मी फोनवर असा भडकलो की शेटजी केबिनबाहेर आले. तो शांतपणे म्हणतो, "भिया, पर्च्या दोन आल्या, तर गाड्या दोन भरल्या. मेरी क्या गलती?" मग कळलं, आपल्या प्रत्येक सेव्हला तिथे माल भरायची एक पर्ची छापून निघते, आणि जुना माणूस दर वेळी दुसरी फाडून टाकायचा. इतकी वर्षं इथे आपण दोनदा सेव्ह करतोय, तिथे तो एक फाडतोय, आणि सगळे म्हणतायत, सिस्टमच तशी आहे.

काल सिस्टम बघायला पुण्याहून इंजिनियर आला. इस्त्रीचा शर्ट, आणि मराठी अशी की आपल्या इथल्यासारखा एक हिंदी शब्द आत घुसत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर डिस्पॅच बघणारी एक मुलगी आहे. तिच्याबद्दल सांगायला तरी तुम्ही हवे होतात. त्याने तिला विचारलं, "दुसऱ्यांदा सेव्ह का करता?"

"सर, पहले से असंच आहे."

"हो, पण का?"

बस, एवढंच. तासाभरात त्याने शोधलं. पूर्वी मानपुरची लाइन तुटायची, पहिली एन्ट्री पोचायचीच नाही, म्हणून तुम्ही ही युक्ती काढली होती. लाइन केव्हाच सुधारली. आता दुसरा सेव्ह म्हणजे दुसरी ऑर्डर. "अरे वा सर, कमाल!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे असे चमकले की त्याचा चहाचा कप उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. एकदम आठवलं, मी सातवीत आहे, सुट्टीत तुम्ही मला इथे आणलंय, मी तुमच्या खुर्चीला खेटून विचारतोय, "बाबा, दोनदा का?" तुम्ही टपली मारता. "चालतंय ना? मग जबरन उंगली नको करू." मग खाली नेऊन कचोरी खाऊ घालता. त्याने विचारलं तर कमाल, मी विचारलं तर टपली!

चिठ्ठी तिनेच नखाने हळूच सोडवली. "तुझ्या बाबांची आहे ना? ठेव." ती मी या पत्रातच घडी घालून ठेवतोय. पाठवायचं कुठे?

बाबा, खरं सांगू? मला माहीत होतं. दिवाळीआधी मी एक एन्ट्री एकदाच सेव्ह करून बघितली होती. बरोबर पोचली. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या सेव्हसाठी तीच एन्ट्री परत उघडावी लागते, आणि शेजारच्या टेबलावर तिला ते कधी जमलंच नाही. दर वेळी हाक यायची, "ए, इकडे ये ना, दुसरं करून दे." मी उठून जायचो.

आज तिने अकरा एन्ट्र्या केल्या. मला एकदाही हाक मारली नाही.