दोन वर्षं मुरगळलेला पाय

१० जानेवारी

फिजिओवाल्या मॅडमनी प्रज्ञाला सांगितलंय, रोज हाताने अर्धं पान लिही, फोनवर नाही. नात म्हणते, काय लिहू? म्हटलं, मी बोलते, तू लिही. मला अक्षर येत नाही, तुला विषय सुचत नाही. झाली रोजनिशी.

आज बेल वाजली. सून बाजारात, मी आंघोळीला. प्रज्ञा काठी घेऊन, भिंत धरत दारापर्यंत गेली, तर बाहेर कोणी नाही. कुरियरवाला पार्सल न देताच पळाला. दिल्लीतल्या या द्वारकेतल्या माणसांना दोन बेलांच्या मध्ये श्वास घ्यायला सवड नाही.

प्रज्ञा म्हणते, आजी, जोडाक्षरं कमी बोल, बोटं दुखतात. आता मला काय माहीत त्यातलं जोडाक्षर कुठलं!

१३ जानेवारी

थंडी. पानिपतचं जाड ब्लँकेट, दोघींत एक.

प्रज्ञाच्या आजाराचं नाव एम.एस. डॉक्टरने मला समजावलं होतं: मेंदूतून निघणाऱ्या वायरींवरचं प्लास्टिक मधेमधे झिजतं, म्हणून हुकूम पायापर्यंत नीट पोचत नाही. मी म्हटलं, मग आमच्या मिलिंदची केस जुनी आहे, हाक मारली की तासाने पोचते. (मिलिंद माझा मुलगा, हिचा बाप. सरकारी नोकर.) डॉक्टर हसला. मिलिंद नाही हसला.

हिच्यासारख्यांनी मिळून शेजारच्या सेक्टरात एक हॉल भाड्याने घेतलाय. तिथे सगळे एकत्र व्यायाम करतात. मधे ही अंथरुणातच होती, ती तिथे जाऊन काठीवर उभी राहिली. आता भाडं वाढतंय. परवडलं नाही तर हॉल सुटेल. पुढच्या महिन्यात गटाचा मेळा आहे, प्रत्येक घराने काहीतरी करून पैसे उभे करायचे.

मिलिंद: "प्रज्ञाचा फोटो टाकून अपील करू."

प्रज्ञा: "बिल्कुल नाही, बाबा."

सोसायटीत तिने कोणाला सांगितलेलंच नाही. पाय मुरगळलाय म्हणते. दोन वर्षं मुरगळलाय. झोक जातो म्हणून गेटवरच्या गार्डला वाटतं, दीदी पिते. तेही हिला चालतं. "बिचारी" म्हटलेलं चालत नाही.

१५ जानेवारी

मला सुचलं. आमच्या उमरेडच्या वस्तीत विहार उभा राहिला तो मुठीवर. प्रत्येक घरी भात टाकताना एक मूठ तांदूळ गाडग्यात बाजूला. पौर्णिमेला बायका गोळा करायला निघायच्या. मी सगळ्यांत पुढे.

गाडगं म्हणजे काय, विचारते. मटक्याची धाकटी बहीण, लिही.

तर मी उद्या डबा घेऊन टॉवरभर फिरणार. मूठमूठ जमवून मेळ्यात मसालेभात विकू.

"फिर. पण माझं नाव नको."

बरं म्हटलं.

१७ जानेवारी

आजचं अक्षर मिलिंदचं. प्रज्ञा लिहीत नाही. कारण मी.

काल वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. पहिलंच दार भल्लाबाईंचं. "अम्माजी, चावल क्यों? पैसे ले लो ना." मी म्हटलं, पैसे बाद में, पहले मुठ्ठी. "अच्छा, किसके लिए?"

आणि तिथे गडबड झाली. आमच्यात ज्याच्यासाठी मागायचं, त्याचं नाव घेतल्याशिवाय मूठ डब्यात पडू द्यायची नाही. नाव नसेल तर ती भीक होते. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. नाव, आजार, सगळं. मग एका दारात सांगितलं, तर दुसऱ्यात लपवून काय करू? खालपर्यंत सांगत आले. डबा भरला म्हणून खुशीत घरी.

संध्याकाळी लिफ्टमध्ये भल्लाबाईंनी प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला आणि रडल्या. लिफ्ट आमच्या मजल्यावर यायला वेळ लावते.

घरात येऊन ओरडली असती तर बरं होतं. एवढंच म्हणाली, "मला विचारायचं होतंस, आजी." आणि दार लावून घेतलं.

"सबब रोजनिशी तात्पुरती माझ्याकडे वर्ग करण्यात आली आहे", असं मिलिंदने स्वतःच्या मनाने लिहिलंय. ऑफिस घरी आणतो.

१९ जानेवारी

आजही मिलिंद.

मसालेभाताचा नमुना करून पाहिला. मी विसरलेच की वस्तीत सगळ्यांच्या घरी एकाच रेशन दुकानाचा तांदूळ असायचा. इथे कोणाची बासमती, कोणाचा कोलम, कोणाचा उकडा, आणि पाचव्या मजल्यावरच्या डाएटवाल्या जोडप्याचा तपकिरी. सगळं एका डब्यात. बासमतीची लापशी झाली तरी तपकिरी खड्यासारखा. शिवाय तळाला लागला.

करपल्याचा वास घरभर. प्रज्ञाचं दार उघडलं. काठी टेकत आली, चमचाभर तोंडात घातला, कडकड वाजला.

"आजी, हे कोणाला विकणार होतीस? दुश्मनांना?"

पुन्हा आत. पण दार उघडं ठेवलं.

२२ जानेवारी

अक्षर परत वाकडं, म्हणजे प्रज्ञा आली. (मी वाकडं काढत नाही, ते आपोआप येतं. प्र.) बघा, आता मधेमधे बोलते पण.

माफी मी स्वयंपाकघरात मागितली. इथे परत मागणार नाही.

ती म्हणाली, "लोक आता माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी बहिरी नाहीये यार."

म्हटलं, सांग मग त्यांना.

"सांगू? सगळ्यांना?"

"मी तर सांगून बसले. पण माझ्याकडून त्यांना फक्त रडण्याइतकंच कळलं. पुढचं तुलाच येतं."

तिने अट घातली. यापुढे मागायचं तर ती मागणार, मी फक्त डबा धरणार. मेळ्यात स्टॉलवर बसायचं की नाही ते ती त्या दिवशीच्या पायांना विचारून सांगणार.

कबूल.

२६ जानेवारी

भाताचा नाद सोडला. गिरणीत नेऊन सगळा तांदूळ दळून आणला. पीठ झाल्यावर कोण बासमती आणि कोण तपकिरी, कळतंय कोणाला? आता चकल्या.

सुनेने पीठ मळलं. सोऱ्या फिरवायचा प्रज्ञाने. मॅडम म्हणतात हाताला चांगलं. हात थरथरला की चकलीचं वळण सुटतं आणि ती तेलात पडून तोंड उघडते. म्हटलं, तुझ्यावर गेल्यात, गप्प बसत नाहीत.

तिने उघड्या तोंडाची एक उचलून माझ्याच तोंडात कोंबली. बोलणं बंद.

१ फेब्रुवारी

मेळा. सकाळी पायांना विचारलं. पाय म्हणाले, बघू. म्हणून व्हीलचेअर नेली. ती कुठे न्यायची म्हटलं की एरवी भांडण असतं, आज प्रज्ञा स्वतःच म्हणाली, घ्या.

स्टॉल तिचा, मी मागे शाल पांघरून. एकजण: "ये जलेबी नमकीन है?" प्रज्ञा: "हाँ जी, और आपके पड़ोसियों के चावल की है." मग सगळं सांगायची. एम.एस. म्हणजे काय, हॉल कशाला हवा. रडवेलं काही नाही, घरून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते तसं. मला डॉक्टरपेक्षा जास्त आज कळलं.

आमचा गार्डही आला. खाली मान. "दीदी, मैं तो कुछ और समझता था."

"पता है भैया, क्या समझते थे. चकली ले जाओ, उसके साथ भी चलती है."

तो लाजून लाल. मी शालीत तोंड घालून हसले.

भल्लाबाई आल्या, डोळे भरायला लागले. प्रज्ञाने पिशवी हातात दिली, "आंटी, रोइए मत, पैकिंग में हाथ बँटाइए." शेवटपर्यंत पॅकिंग करत होत्या. चकल्या संपल्या. तोपर्यंत प्रज्ञाचा उजवा हात पार बधिर. म्हणून जेवताना भल्ला

(काल इथेच हात थांबला. आज पुरं करतेय. प्र.) भल्लाबाईंनीच तिला घास भरवला, असं सांगत होते. तिने भरवू दिला.

५ फेब्रुवारी

हॉलचं पक्कं नाही. उन्हाळ्यापर्यंत धकेल, पुढचं मालकाशी बोलून. प्रज्ञाला उन्हाळाच जड जातो, उकाड्यात पाय ऐकतच नाहीत. सोमवारी एम.आर.आय. डाव्या डोळ्यासमोर अंधुक दिसतंय, हे आज लिहिता लिहिता सांगितलं. मला की वहीला, देव जाणे. मी पुढे बोललेच नाही थोडा वेळ. मग म्हणाली, "आजी, तू थांबलीस तर माझा व्यायाम कसा होणार?"

८ फेब्रुवारी

मेळा संपला, डबा मात्र रोज भरतोय. मी कोणाला मागितलं नाही. लोकच येता-जाता बेल वाजवून मूठभर तांदूळ देऊन जातात. आता चकल्या किती करायच्या!

दुपारी बेल. मी उठत होते, प्रज्ञा म्हणाली, बस. निघाली. आधी काठी, मग भिंत, मग टेबल, मधे थांबली, परत भिंत. मी कान लावून बसले. बेल दुसऱ्यांदा वाजली नाही. म्हटलं, गेला असेल.

दार उघडल्याचा आवाज आला. मग पाचव्या मजल्यावरच्या डाएटवाल्याचा, "आराम से, मैं यहीं खड़ा हूँ."

परत तपकिरीच आणलाय.